पिंपळीची पाठराखीण

पिंपळीत कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, की पत्रिका छापायला टाकायच्या आधी दोन घरी निरोप जायचा. एक चाँदबीकडं. ती बांगड्यांची, नवरीचा हिरवा चुडा तीच भरणार. दुसरा द्वारकाआत्याकडं. ती पाठराखीण. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरचं एखादं बाईमाणूस तिच्यासोबत जातं, दोन-चार दिवस तिथं राहतं आणि मांडवपरतणीला मुलीला घेऊन माघारी येतं. तशी प्रत्येक घरात आजी असते, मावशी असते. पण आजीचे गुडघे धरलेले असतात आणि मावशीला तिचा संसार सुटत नाही. द्वारकाआत्याचे गुडघेही ठणठणीत आणि संसाराचा तर पत्ताच नाही. हाक आली की पिशवी उचलून तयार.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय सांगायचं? तर ऐका. द्वारकाबाई विशीच्या आत विधवा होऊन भावाच्या दारात परत आली. विधवा बाईला आपल्याकडं शुभकार्यात कुठली जागा? हळद दळायला ती चालते, लावायला चालत नाही. चुलीपाशी बस, भांड्यांपाशी बस, अक्षता पडताना खांबाआड उभी राहा. पण वऱ्हाड निघायला लागलं की सगळा मांडव ओरडायचा, "अरं, आत्या कुठाय? आत्याला बसवा आधी!" नवरीच्या शेजारची जागा तिची. त्या जागेवर दुसऱ्या कुणाचा डोळा नव्हता, कारण परक्या घरात चार दिवस अवघडून बसायची हौस कुणालाच नसते.

द्वारकाबाईला होती. बैलगाडीतून गेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेली, पुढं जीप आल्या, जीपमधून गेली. सुप्याला गेली, भिगवणला गेली, इंदापूरकडच्या कितीतरी वस्त्यांवर गेली. किती पोरी पोचवल्या ते तिनं कधी मोजलं नाही. सासूच्या शेजारी बसून सुपारी कातरत ती हळूच म्हणायची, "आमच्या पोरीला तिखट सोसत न्हाय बरं का, इहीणबाई." हे पोरीनं सांगायचं नसतं, पाठराखणीनं सांगायचं असतं. चार दिवस तिला ताट वाढून मिळायचं, "आत्याबाई, अजून घ्या की" म्हणून कुणीतरी आग्रह करायचं. मग ती पिंपळीला परत यायची आणि पुन्हा चुलीपाशी बसायची.

पुढं निरोप यायचे थांबले. कुणी भांडलं नाही, कुणी नको म्हणालं नाही, नुसते थांबले. पोरी शिकल्या, नवऱ्याशी वर्षवर्षभर फोनवर बोलून मग लग्नाला उभ्या राहायला लागल्या. लग्नाआधीच तळ्याकाठी जोडीनं फोटो! त्यांना कुठली पाठराखीण? चाँदबीचं मात्र बंद पडलं नाही, हिरवा चुडा फोटोत उठून दिसतो ना.

दरम्यान भाऊ रामहरी गेला, भावजय गेली, भाचा रविराज बारामतीला फ्लॅटमध्ये राहायला गेला. "आत्या, तू पण चल," म्हणाला तो. मनापासून म्हणाला. पण तिसऱ्या मजल्यावर महिनाभर राहून आत्या परत आली. तिथं दार उघडलं की समोर बंद दारच दिसायचं. पिंपळीच्या घरात निदान समोर रस्ता होता. सकाळी ती दोन भाकरी थापायची. एक खायची, एक उरायची, ती कुत्र्याला घालायची. कुत्रंही स्वतःचं नव्हतं, शेजारच्या वस्तीवरचं होतं. खाऊन झालं की निघून जायचं.

चाँदबी भिंतीला भिंत लागून राहायची. पण तिच्या घरी मुलगा खाजा, सून, नातवंडं, पाहुणेरावळे, सगळा गोतावळा. तिला दुपारी घटकाभर यायला मिळायचं तेवढंच.

आता एक पोर राहिली होती. रविराजची संस्कृती. सख्ख्या भावाची नात. तिचं लग्न इंदापूरच्या अविराजशी ठरलं आणि आत्याच्या अंगात वारं भरलं. गावातल्या पोरींनी नको म्हटलं असेल, पण घरची पोर काय नको म्हणणार? साखरपुड्यावरून आल्या दिवशीच तिनं पिशवी भरली. दोन लुगडी, मिश्रीची डबी, अडकित्ता, सासूला द्यायला खणाचा तुकडा. पिशवी खुंटीला टांगली आणि येता-जाता तिच्याकडं बघत राहिली.

एका रविवारी संस्कृती स्कूटीवरून एकटीच आली. पुण्याला कंपनीत कामाला होती, लग्नासाठी रजा काढली होती. उंबऱ्यावर बसून तिनं हेल्मेट मांडीत घेतलं.

"आत्या, पप्पा म्हणतात सगळं रीतीप्रमाणं करायचं. अविराजच्या घरचे म्हणतात तुम्ही म्हणाल तसं. मला उगाच रीत म्हणून काही करायचं नाही, आणि उगाच मोडायचंही नाही. तू सगळ्यांत जास्त लग्नं बघितलीस. तू सांग, काय ठेवू, काय सोडू?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी द्वारकाबाईला असं विचारत होतं. बाई सुखावली. पदर खोचून ऐटीत बसली.

"हे बघ," ती म्हणाली, "कुठलीबी रीत कुणासाठी तरी घातलेली असती. कुणासाठी घातली ते आधी बघायचं. त्या माणसाला तिची अजून गरज हाय का? आसंल तर ठेव. नसंल तर सोड. हाय काय आन् न्हाय काय!"

"मग नवरदेवाचे पाय धुणं?"

"ती व्याह्याच्या मिशीसाठी. सोड."

"मानपानाचे टॉवेल-टोप्या?"

"ते तर कुणासाठीच न्हाईत. ह्याच्या घरनं त्याच्या घरी नुसते फिरत्यात. सोड."

"कानपिळी?"

"ती ठेव! बहिणीच्या नवऱ्याचा कान पिळायला तुज्या भावाला, राजवर्धनाला, पुन्हा कवा मिळायचा? जलमभर हात जोडायचेत त्याला दाजीम्होरं."

दोघी खदखदून हसल्या. पाच झाडांच्या डहाळ्यांचं देवक ठेवायचं ठरलं, निदान त्या निमित्तानं पोरांना झाडं तरी कळतील. रुखवताचं प्रदर्शन गेलं. मग संस्कृती म्हणाली, "एक मी आधीच सोडलंय. हळद मला सगळ्यांत पहिली तू लावायची."

"म्या? अगं येडी का खुळी! लोक शेण घालतील तोंडात."

"घालू देत."

आत्यानं पदरानं नाक पुसलं आणि उगीचच चूल सारखी केली.

"आणि पाठराखीण?" संस्कृतीनं विचारलं.

खुंटीवरची पिशवी पोरीच्या डोक्यावरच होती. एक वाक्य पुरलं असतं. 'ती मोडू नगं, घराला चांगलं नसतं,' एवढं म्हटलं असतं तरी पोर मुकाट न्यायला तयार झाली असती. पण आत्ताच, याच तोंडानं, एवढ्या तोऱ्यात नियम सांगून बसलेली! आणि द्वारकाबाईचं एक वाईट होतं, तिला खोटं बोलता यायचं नाही. चाँदबी म्हणायची, या एका अवगुणापायी हिचं आयुष्य गेलं.

"ती कुणासाठी व्हती, सांगते," ती म्हणाली. "मला लोणी भापकरला दिली तवा मी पंधरा वर्सांची. माजी आजी तापानं फणफणलेली, आन् मावशी बाळंतीण. सोबत कुणीच न्हाय. आबा म्हणलं, एवढी घोडी झालीया, जाईल एकटी. रातच्याला माजघरात समद्या बायांच्या मधी मला निजवली. आन् मला जायचं व्हतं बाहेर. दार कंचं, जायचं कुठं, कुत्रं हाय का, काय ठावं न्हाय. उठवू तर कुणाला उठवू? कुणाचं नावबी ठावं न्हाय. दातावर दात दाबून पडून राह्यले. पहाटं हातरुणातच झालं."

"आत्या..."

"हसल्या समद्या. पुढं चार वर्सं नांदले तितं, मालक गेले, तरी जावांच्या तोंडात माजं तेच नाव. म्हणून मी पोरींच्या संगं जायला लागले. कुठल्याबी घरात गेले की पहिल्यांदा ती जागा हुडकायची आन् पोरीच्या कानात सांगायचं, रातीला मला हलव, कितीबी डाव हलव. बाकी ते सासूम्होरं गुण गायचं, ते वरवरचं."

संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं. "अगं पण त्यांच्याकडं माझ्या खोलीतच बाथरूम आहे."

"मग झालं की."

"आणि मी चार वेळा जेवून आलेय तिथं. माधवीआई, म्हणजे अविराजची आई, रोज फोन करतात मला."

"मग पाठराखीण कुणासाठी न्यायची? सोड."

"नक्की ना, आत्या?"

"नक्की म्हंजी? मी काय उगी बोलते व्हय?"

पोरगी गळ्यात पडली, स्कूटीवर बसली, गेली. द्वारकाबाईनं पिशवी खाली काढली. लुगडी ट्रंकेत गेली, अडकित्ता फळीवर गेला. खणाचा तुकडा कुठं ठेवावा ते तिला कळेना, तो हातात धरून ती रडायला बसली. आपणच निवाडा द्यायचा आणि शिक्षाही आपल्यालाच व्हायची, तर फिर्याद कुठल्या चावडीवर न्यायची?

दुपारी चाँदबीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तू खुळी हायस, द्वारके. एक शबुद बोलायचा व्हता."

"खोटा?"

"खोटा कशाला? जरा वाढवून. मी न्हाय सांगत, हिरव्या चुड्याबिगर नवरी म्हंजी मिठाबिगर कालवण?"

"ते तुजं पोट हाय."

"आन् तुजं काय व्हतं मग?" चाँदबी म्हणाली.

लग्न बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात झालं. हळदीला संस्कृतीनं शब्द पाळला. सगळ्या सवाष्णी ताटं घेऊन उभ्या आणि ती म्हणते, आधी आत्या. खालच्या आवाजात कुजबुज झाली, एक-दोघी तोंड वाकडं करून मागं सरल्या. रविराजनं एकदा खाकरून सगळ्यांकडं बघितलं आणि कुजबुज थांबली. द्वारकाबाईनं हळदीचं बोट पोरीच्या गालाला लावलं. फोटोवाला म्हणाला, आजी, इकडं बघा, हसा. ती हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सवाष्णी पुढं आल्या, गाणी सुरू झाली, आणि ती बाजूला जाऊन खुर्चीवर बसली. मोठाच मान होता तो, त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण बोट लावायचं काम घटकाभरात संपलं. पुढं दिवसभर तिला कुणी कसली हाक मारली नाही. भाकरी थापायला केटरिंगवाले होते, पाणी द्यायला पोरं होती. जो तो येऊन म्हणायचा, "आत्या, तुम्ही निवांत बसा." निवांत! घरी काय ती दुसरं करत होती?

अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या, राजवर्धननं दाजीचा कान असा पिळला की दाजी ओरडला. ऊन उतरायला लागलं. फुलांनी मढवलेली पांढरी गाडी दाराशी येऊन लागली आणि पाठवणीची गडबड सुरू झाली. इकडं आई रडतीय, तिकडं कुणी ओटीचे तांदूळ विसरलंय, बँडवाल्यानं सनई लावलेली. आणि गर्दीतून कुणीतरी म्हातारा नेहमीच्या सवयीनं ओरडला, "चला, चला, नवरीला घ्या!"

झालं. द्वारकाबाई उठली. काय विचार करून उठली असं कुणी विचारलं तर तिला सांगता आलं नसतं, विचार केलाच नव्हता. इतक्या वर्षांचे पाय ते, सनई ऐकली की आपोआप चालायला लागत. गर्दीतून वाट काढत ती गाडीपाशी गेली, मागचं दार उघडलं आणि आत जाऊन खिडकीशी बसली. पदर सारखा केला. हात मांडीवर पिशवी धरायला गेले, तिथं पिशवी नव्हती. तेव्हा तिला समजलं.

ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "आजी, तुमी कुठं?"

बाहेर संस्कृतीच्या दोन मैत्रिणी दारापाशी थांबल्या होत्या. त्या जाणार होत्या सोबत, सामान घेऊन. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. रविराज पुढं आला, रडून लाल झालेले डोळे, त्यात हे. तो वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "आत्या, अगं... उतर. असं काय करतीस?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याला लाज वाटत होती.

"व्हय, व्हय," ती म्हणाली, "ही माळ सुटली व्हती, ती बांधाया..." आणि तिनं खिडकीवरची धडधाकट बांधलेली झेंडूची माळ उगाच ओढली. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली आणि तेही धड जमलं नाही. माळेतली चार फुलं खाली पडली.

ती उतरत होती तोवर संस्कृती दारापर्यंत आली होती. दिवसभर ही पोर रडली नव्हती. आईच्या गळ्यात पडून रडली नव्हती, बापाच्या नाही. आता आत्याचा हात धरून ती अशी काही रडायला लागली की भोवतीच्या म्हाताऱ्या समाधानानं म्हणाल्या, "आली बाई माया, आली." कशाची माया आली, ते त्या दोघींनाच माहीत.

"आत्या, तू चल," संस्कृती म्हणाली. "खरंच चल. मी सांगते सगळ्यांना. चार दिवस राहा माझ्याजवळ."

द्वारकाबाईला जायचं होतं. कशाला लपवायचं, तिला फार जायचं होतं. त्या खिडकीशी बसून इंदापूरपर्यंत जावं, नव्या घरात कुणीतरी 'या आत्याबाई' म्हणावं, रात्री शेजारी कुणाचा तरी श्वास चालू असावा, एवढंच तिला हवं होतं. मैत्रिणी बाजूला झाल्या होत्या. जागा रिकामी होती. पाय उचलून ठेवायची खोटी.

तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांनी वर केलं. "पोरी, तुला भ्या वाटतंय का?"

संस्कृतीनं मान हलवली. खोटं न बोलण्याचा अवगुण या घराण्यातच असावा. "नाही," ती म्हणाली.

"मग मी कुणासाठी येऊ?"

याचं उत्तर पोरीला येत होतं. तिच्या ओठांवर आलंसुद्धा. पण ते तिला बोलवेना आणि आत्याला ते ऐकायचं नव्हतं. आत्यानं तिला हातानं धरून गाडीत बसवलं, पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला आणि दार लावलं. गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली.

माणसं पांगली. रविराजला कार्यालयवाल्यांनी घेरलं होतं, त्यानं पाहुण्यांच्या एका गाडीत आत्याला आणि चाँदबीला बसवून दिलं. "आत्या, उद्या फोन करतो," तो म्हणाला, आणि करणारही होता बिचारा. गाडीनं दोघींना पिंपळीच्या फाट्यावर सोडलं. तिथून घर जवळच. दिवस बुडत होता, दोन्ही बाजूंना उभा ऊस, वाटेवर दुसरं कुणी नव्हतं.

थोडं चालल्यावर चाँदबी म्हणाली, "बोलवत व्हती तर जायाचं व्हतं."

"कीव आली म्हणून बोलवत व्हती."

"आली तर आली. कीव काय चावती?"

"चावती," द्वारकाबाई म्हणाली. "चाँद, मी जलमभर पोरींच्या संगं गेले ते त्यांना भ्या वाटायचं म्हणून. आज गेले असते तर मला भ्या वाटतंय म्हणून गेले असते. त्या लेकराच्या पहिल्या दिशी मी तिच्या गळ्यात लोढणं व्हऊन बसू?"

"तुला कसलं भ्या?" चाँदबी थांबली. "एवढी वर्सं एकटी ऱ्हातीस."

"एवढी वर्सं वाटायचं, कुणाची तरी हाक येईल. ही घरातली शेवटची पोर. आता कुणाची येती?"

चाँदबीनं तिच्या दंडाला धरून तिला पुढं चालवलं. दोघी घरापर्यंत आल्या. चाँदबीच्या घरात टीव्ही लागला होता, नातवंडांचा दंगा चालला होता. आत्याच्या दाराला कुलूप. द्वारकाबाईनं कनवटीची किल्ली काढली, कुलपाला लावली आणि तशीच उभी राहिली. दार उघडायचं धाडस होईना.

"चाँद," तिच्याकडं न बघताच ती म्हणाली, "आज माज्याकडं येतीस का निजायला?"

शेजारी राहून चाळीस-पंचेचाळीस वर्षं होत आली असतील. या बाईनं कधी वाटीभर साखरसुद्धा मागितली नव्हती. चाँदबी तिच्या पाठीकडं बघत राहिली.

"येते की," ती म्हणाली. "खाजाला सांगून येते, माज्या गोळ्या घिऊन येते. पर आधीच सांगते, मी लई घोरते."

"घोर," द्वारकाबाई म्हणाली. "मोठ्यानं घोर, बाई."